शांताबाई ड्रेपरी आणि बाळकुमचा तह

तुमच्या आईकडून तुम्हाला काय मिळालं, सांगा बघू? नाक सांगू नका. मधुमेह सांगू नका. आमटीत गूळ जरा जास्त टाकायची खोड, तीही सांगू नका. हक्क म्हणून काय मिळालं ते सांगा. पाटीवर लिहिता येईल, चारचौघांत छाती पुढे काढून म्हणता येईल, असं काय?

बसलात ना गप्प. मंदाकिनी नाही बसली. तिला आईकडून एक नाव मिळालेलं, आणि त्या नावापायी ती इंग्रजांच्या बाजूने लढली. ऐकून भुवया वर गेल्या असतील तर खाली घ्या. आधी सगळं ऐका, मग बोला.

कल्याणात बैलबाजाराच्या मागच्या गल्लीत ‘शांताबाई ड्रेपरी’ नावाचं दुकान आहे. नाटकाचे कपडे, फॅन्सी ड्रेस, दाढ्यामिशा, मुकुट, गदा, सगळं भाड्याने. शांताबाई म्हणजे मंदाकिनीची आई. नवरा लवकर गेला, पोर कडेवर, तेव्हा या बाईने शेजारच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी सहा मावळे शिवून दिले. सहाचे साठ झाले, साठांत झाशीची राणी आली, मग भाजीवाली, वासुदेव, वकील, परी. मंदाकिनी लहानपणी मिशांच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपायची. शाळा नववीपर्यंत, पण इतिहास तिला कापडाने पाठ. कुठल्या राजाच्या झग्याला घेर किती, कुठल्या क्रांतिकारकाची टोपी कुठल्या बाजूला कलते, झोपेतून उठवून विचारा. एकदा भाषणाला उभ्या राहिलेल्या एका प्राध्यापकाने पगडी उलटी घातलेली, तर तिने त्याला माइकसमोरून खाली बोलावलं, पगडी सरळ केली आणि म्हणाली, आता बोला काय थापा मारायच्या त्या.

आता पन्नाशी उलटली. बांधा ठेंगणा, आवाज उंच, गळ्यात मोजपट्टी. ती मोजपट्टी लग्नाला जातानाही उतरत नाही, मंगळसूत्राच्या वरून लटकते. मिशी हरवून आणणाऱ्या पालकाला ती अर्धा तास उभं करते. दंड घेत नाही. फक्त विचारत राहते, मिशी गेली कुठे, शेवटची कुणी पाहिली, पोराने खाल्ली का. लोक दुसऱ्या दिवशी मिशी शोधून आणून देतात.

हे झालं कल्याणचं राज्य. आता शत्रू बघा.

शत्रू ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ. नाव राजरत्न, मंदाकिनीचा सख्खा मामेभाऊ. लहानपणी त्याचं नाक तिनेच पुसलेलं, त्यामुळे तो मोठा झालाय हे ती आजही मानायला तयार नाही. सात वर्षांपूर्वी शांताबाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, वंदना होऊन जेवणाची पंगत बसलेली असताना, राजरत्नने जाहीर केलं की तो ठाण्यात ‘मूळ शांताबाई ड्रेपरी’ काढतोय. का, तर दुकानाचं पहिलं शिलाई मशीन त्याच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, बहिणीला दिलेलं. दुसरं, नाव घराण्याचं, घराणं चालतं मुलाकडून, आणि मंदाताई काय, लग्न होऊन दुसऱ्या घरची.

मंदाकिनीने वाद घातला नाही. त्याच्या हातातली खिरीची वाटी काढून घेतली. अर्धी खाऊन झालेली होती, तरी घेतली.

त्यानंतर सात वर्षं युद्ध चाललं ते पाट्यांवर. कल्याणला लागलं, ‘आमची कुठेही शाखा नाही.’ ठाण्याला लागलं, ‘नामसाधर्म्यापासून सावध.’ कल्याणने उत्तर दिलं, ‘ठाण्याच्या भाच्यापासून सावध.’ गिऱ्हाईकाला वाटायचं भाचा नावाचा कुठला कुत्रा आहे.

मग गेल्या हिवाळ्यात बाळकुमहून फोन आला. जिथे एके काळी शेतं होती तिथल्या टॉवरांमध्ये आता एक टोलेजंग शाळा आहे, तिथल्या रुचिता मॅडमचा. गॅदरिंगचा विषय होता ‘जग बदलणारी युद्धं’ आणि नववीच्या वाट्याला आलेलं इंग्रज आणि फ्रेंचांचं शंभर वर्षांचं युद्ध. मॅडमने इंटरनेटवर नाव शोधलं, दोन नंबर मिळाले, त्यांना वाटलं दुकान एकच. एका नंबरवर इंग्रजांची फौज सांगितली, दुसऱ्यावर फ्रेंचांची. ही दोन दुकानं आहेत आणि त्यांच्यात आधीच लढाई लागलेली आहे, हे त्यांना कळलं तेव्हा दोन्हीकडे कापड बेतून झालेलं. मॅडम म्हणाल्या, माझं काही नाही, पण शेवटी स्टेजवर वेशभूषेसाठी सत्कार एकाचाच होईल. ज्याची फौज चांगली दिसेल त्याचा.

मंदाकिनीने सात वर्षांनी राजरत्नला फोन लावला. म्हणाली, सत्कार ज्याचा, नाव त्याचं. दुसऱ्याने पाटी उतरवायची, आईचं नाव पुन्हा लावायचं नाही. तो म्हणाला, चालेल, पण मागून रडत यायचं नाही.

आता हे युद्ध नक्की कशावरून झालं, ते मंदाकिनीला माहीत नव्हतं. तिची मुलगी अमृता स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, टिटवाळ्याच्या त्यांच्या घरात माणसांपेक्षा पुस्तकं जास्त जागा अडवतात. त्यातलं जगाच्या इतिहासाचं एक जाडजूड काढून मंदाकिनी गॅलरीत वाचायला बसली. तर भानगड अशी, की फ्रान्सचा राजा मेला. त्याला मुलगा नव्हता, भाऊ उरला नव्हता. बहीण होती, ती इंग्लंडला दिलेली, आणि तिचा मुलगा इंग्लंडचा राजा. तो म्हणाला, माझ्या आईचं माहेर ते, गादी माझी. फ्रान्सचे सरदार म्हणाले, बाईला गादी नाही, बाईच्या पोटच्यालाही नाही. आणि त्यांनी चुलत घरातला एक पुरुष शोधून गादीवर बसवला. कायद्यात कुठे लिहिलंय विचारलं, तर नंतर एक जुनापुराणा कायदा उकरून काढला.

मंदाकिनीने पुस्तक मांडीवर पालथं घातलं. म्हणाली, “अगं अमृता, हा तर आपला राजू.”

झालं, ती इंग्रजांची झाली. गल्लीतल्या लोकांनी टोकलं, अगं ज्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं त्यांची बाजू घेतेस? तिने काउंटरवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट केलं. म्हणाली, त्यांचं आपल्याशी जे झालं तो वेगळा हिशेब, तो मी सोडलेला नाही. पण या केसमध्ये मुद्दा आईकडच्या हक्काचा आहे. बायकांच्या हक्काचं बिल अडवलं म्हणून या माणसाने मंत्रिपद सोडलं, आणि मी काय फ्रेंचांकडून उभी राहू?

पुढे वाचताना तिला एवढं कळलं की शंभर वर्षांचं म्हणतात ते युद्ध एकशे सोळा वर्षं चाललं. म्हणजे वेळेचं भान ठाण्याच्या रस्त्याच्या कामाइतकंच. आणि मध्ये एक लढाई आली, चिखलात झालेली, तिथे उंच धनुष्यं घेतलेल्या साध्या इंग्रज तिरंदाजांनी चिलखतातल्या बड्या बड्या फ्रेंच सरदारांना लोळवलं. ते पान तिला इतकं आवडलं की तिने खुणेला त्यात एक मिशी ठेवली आणि पुस्तक बंद केलं. पुढे बघूच नये असं तिला वाटलं. शहाणपणाचंच होतं ते.

तिने चोवीस धनुष्यं केली. रामलक्ष्मणाची दुकानात होती, पण ती कंबरेएवढी. ही पोरांच्या डोक्याच्या वर गेली पाहिजेत असं पुस्तकात होतं, म्हणून बांबू आणून वाकवले. इंग्रज राजाचा डगला तिने स्वतःच्या हाताने शिवला. चार चौकोन, दोनांत तीन तीन सोनेरी सिंह, दोनांत तीन तीन फ्रेंच लिलीची फुलं. राजा फ्रान्सवर हक्क सांगायचा ना, म्हणून फ्रान्सचं फूलही अंगावर घालून फिरायचा. तिकडे राजरत्नने वीस निळे डगले शिवले. प्रत्येकावर छातीवर तीन पिवळी फुलं, जाड भरतकाम, लांबून उठून दिसणारं.

आणि आता मुद्द्याचं. तुम्ही ठाण्याचे असाल तर एव्हाना तुम्हाला घाम फुटला असेल. त्या दिवसांत महापालिकेच्या निवडणुका लागलेल्या. आचारसंहिता चालू. आणि हे दोन शहाणे निघाले टेम्पो भरून, एक चोवीस धनुष्यबाण घेऊन, दुसरा साठ फुलं घेऊन, जी नीट बघितली तर लिली, आणि घाईत बघितली तर कमळ.

कार्यक्रम पाचचा. मंदाकिनी दुपारी दुर्गाडीचा पूल ओलांडून, भिवंडीला वळसा घालून, कशेळीवरून बाळकुम नाक्याला आली तेव्हा अडीच वाजलेले. शाळेची गच्ची समोर दिसत होती. तिथे रस्त्याच्या कडेला एक टेबल, एक हवालदार, एक व्हिडिओवाला आणि खुर्चीत गाड्या तपासणाऱ्या निवडणूक पथकाचे प्रमुख चांगदेव गुरुजी. मूळचे एका खेड्यातल्या शाळेचे मास्तर, निवडणूक ड्युटीवर आणून बसवलेले. माणूस सज्जन, दोन दिवस उन्हात बसून रापलेला. आतापर्यंत त्यांना फक्त कोबी सापडलेला.

त्यांनी ताडपत्री वर केली आणि तीन वेळा धनुष्यं मोजली. टेम्पोवाला सूरज, ज्याला गप्प बसायचं कधीच सुचत नाही, तो मदतीला म्हणून बोलला, “साहेब, बाण पण आहेत, वेगळ्या गोणीत.”

व्हिडिओवाल्याने कॅमेरा चालू केला. मंदाकिनी शंभर वर्षांचं युद्ध समजावून सांगायला लागली, आणि ती फ्रान्सच्या राजाच्या बहिणीपर्यंत पोचते न पोचते तोच माजिवड्याच्या अंगाने दुसरा टेम्पो आला. हवालदाराने तोही बाजूला घेतला. आतून राजरत्न उतरला, पांढरा शर्ट, डोळ्यांना गॉगल, आणि त्याच्या मागे वीस निळे डगले हँगरवर झुलताना दिसले.

गुरुजींनी चष्मा पुसला. आधी धनुष्यांकडे पाहिलं, मग फुलांकडे. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “तुम्ही एकत्र आहात, की समोरासमोर?”

“समोरासमोर,” मंदाकिनी म्हणाली. “एकशे सोळा वर्षं.”

गुरुजींनी लिहून घेतलं. मग ते तिच्या टेम्पोत शिरले आणि राजाचा डगला घेऊन बाहेर आले. त्यांनी विचारलं, तुम्ही धनुष्यवाले ना, मग तुमच्याकडे हे फूल कसं? मंदाकिनीने सांगितलं की राजा म्हणतो ते फूल खरं आमचं, समोरचे खोटे. गुरुजी म्हणाले, हे मला आता समजतंय. मग त्यांचं लक्ष सिंहांकडे गेलं. तीन सिंह म्हणजे तर राजमुद्रा. तिने सांगितलं, आपले उभे असतात, हे चालतायत, नीट बघा. गुरुजींनी बोटाने पाय मोजून खात्री केली आणि कागदावर ‘सिंह, चालते, सहा’ अशी नोंद केली.

पण खरी अडचण नावावर आली. दोन्हीकडच्या भाड्याच्या पावत्या त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर ‘शांताबाई ड्रेपरी’. नाव एक, दावेदार दोन, चिन्हं दोन. गुरुजी दोन्ही पावत्यांवर एकेक बोट ठेवून म्हणाले, “बाई, हे प्रकरण मी पेपरात वाचलंय. त्याला वर्षं लागतात.”

घड्याळात साडेतीन झालेले. रुचिता मॅडमचे फोनवर फोन. शाळेचं पत्र मागवलं ते आलं, पण त्यात लिहिलेलं ‘शांताबाई ड्रेपरी यांजकडून’, म्हणजे घोळ होता तिथेच. गुरुजींनी शेवटी वाट काढली. म्हणाले, माल सोडतो, पण हमीपत्र पाहिजे. नाव एक आहे तर मालकही एकच. जो मूळ मालक आहे त्याने सही करायची. उद्या यातलं एक जरी धनुष्य किंवा एक जरी फूल कुठल्या प्रचारफेरीत दिसलं, तर गुन्हा सही करणाऱ्यावर.

सात वर्षं ज्या प्रश्नावर दोन शहरांत पाट्या रंगल्या, तो प्रश्न बाळकुम नाक्यावर, चहाच्या टपरीशेजारी, एका मास्तराने विचारला. मूळ कोण?

राजरत्नच्या पाटीवर ‘मूळ’ हा शब्द लाल रंगात आहे, बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट मोठा. त्याने गॉगल काढला. टेंभी नाक्याजवळ दुकान, निवडणुकीचे दिवस, आणि त्याच्या गल्लीतले कार्यकर्ते कसे, ते त्याला माहीत. फुलांचा डगला दिसला की कोण कधी उचलून नेईल आणि रॅलीत घालून नाचेल, काही भरवसा नाही. त्याने हमीपत्राकडे पाहिलं, हवालदाराकडे पाहिलं, आणि मग शाळेत असताना मार चुकवायला जसा आवाज काढायचा तसा आवाज काढून म्हणाला, “मालक ती आहे, सर. शांताबाई माझी आत्या. हिची आई. आईचं पोरीकडेच जाणार ना.”

मंदाकिनीने व्हिडिओवाल्याकडे बघितलं. “आलं का ते?”

“आलं, काकी.”

“आवाज आलाय का?”

आलेला. तरी तिने त्याला पुन्हा म्हणायला लावलं, कॅमेऱ्याकडे तोंड करून, आणि गुरुजींनी ते जबाबात शब्दशः उतरवलं. खाली राजरत्नची सही, साक्षीदार म्हणून सूरजची. मग मंदाकिनीने हमीपत्रावर सही केली. सही म्हणजे पूर्ण नाव, आणि त्यापुढे तिने कंसात लिहिलं, मुलगी. गुन्ह्याचं विचाराल तर तिला एका क्षणासाठीही भीती वाटली नाही. तिच्या दुकानातलं धनुष्य विचारल्याशिवाय न्यायची कुणाची छाती आहे? मिशी गेली तर काय होतं ते कल्याणात सगळ्यांना ठाऊक आहे.

पण गुरुजी गुरुजी होते. माल सोडला तरी चिन्ह दिसता कामा नये, म्हणाले. धनुष्याचं सोपं निघालं. चिन्ह धनुष्यबाणाचं आहे, नुसत्या धनुष्याचं नाही, म्हणून बाणांची गोणी टेबलाखाली जमा झाली. फुलांचं काय? राजरत्न म्हणाला, डगले उलटे करून घालू. उलटे केले. अस्तराला त्याने स्वस्तात मिळालेलं बाळाच्या दुपट्याचं कापड लावलेलं. त्यावर हत्ती होते.

गुरुजींनी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटले.

साडेचार. राजरत्न फुटपाथवर बसला. मघाचा पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला. आता खरं तर मंदाकिनीने टेम्पो सुरू करून निघायचं, फ्रेंच फौज तिथेच सडू द्यायची. सत्कार तिचा, पाटी तिची. तिने एक पाय टेम्पोत टाकलाही. मग मागे वळून त्याच्याकडे बघितलं, आणि तिला ते लहानपणचं नाक आठवलं असावं. शिव्या घालतच ती मिशांची पिशवी घेऊन खाली उतरली.

साठ फुलं, साठ मिशा. तलवारकट, झुपकेदार, कोल्हापुरी, हवालदारी, जी हाताला लागेल ती. ती डिंक लावायची, राजरत्न दाबून धरायचा. राजाच्या डगल्यालाही सहा लागल्या. हवालदाराने आपणहून दहा चिकटवल्या. गुरुजींनी निवडणूक चिन्हांची अख्खी यादी वरून खाली, खालून वर वाचली. तीत मिशी नव्हती.

पाच वाजून वीस मिनिटांनी नववीच्या फ्रान्सने स्टेजवर पाऊल टाकलं, प्रत्येक सरदाराच्या छातीवर तीन मिशा. पालकांना वाटलं फ्रान्समध्ये मानमरातब असाच मोजतात. एका बाईने नवऱ्याला समजावलं, तीन म्हणजे कर्नल. समोरून चोवीस इंग्रज तिरंदाज आले, बाण नसलेले. त्यांना जे सुचलं ते त्यांनी केलं, धनुष्यं काठीसारखी धरून धोपटलं. घामाने डिंक सुटला आणि लढाई संपली तेव्हा रणांगणात मेलेल्या फ्रेंचांपेक्षा मिशा जास्त पडलेल्या. टाळ्या थांबेनात. रुचिता मॅडमने माइकवर नाव घेतलं, शांताबाई ड्रेपरी, कल्याण. मंदाकिनी मोजपट्टीवरूनच शाल पांघरून उभी राहिली. पहिल्या रांगेत ड्युटी संपवून आलेले चांगदेव गुरुजी होते. ते उभं राहून टाळ्या वाजवत होते.

इथे संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण राजरत्नने पाटी उतरवली नाही. तिने फोन केला तर म्हणाला, ते मी दबावाखाली लिहून दिलं, दुपारचं जेवलेलो पण नव्हतो. शिवाय, म्हणाला, मी पुस्तक आणून शेवटचा धडा वाचलाय, मंदाताई. शेवटी फ्रेंच जिंकले.

त्या रात्री तिने मिशी ठेवलेलं पान उघडून पुढचं वाचलं. खरंच होतं. त्या चिखलातल्या लढाईनंतर फ्रान्सच्या राजाने आपली मुलगी इंग्रजाला देऊन लिहूनही दिलेलं, माझ्यामागे गादी जावयाची. आणि पुढे फ्रेंच म्हणाले, राजाचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं, सही धरू नका. मंदाकिनीने ते अमृताला दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाली, हे एकशे सोळा वर्षं का चाललं ते आता कळलं. सह्या करून पाट्या न उतरवणारे तेव्हाही होते.

जबाबाची नक्कल तिने काउंटरच्या काचेखाली ठेवलीय. कोणी नुसता परीचा ड्रेस न्यायला आला तरी आधी ती वाचावी लागते.

तेव्हा तुम्ही एक करा. टेंभी नाक्यावरून जाल तेव्हा त्या लाल ‘मूळ’ खाली शिरा आणि गॉगलवाल्या माणसाला विचारा, शांताबाई तुमच्या कोण? तो म्हणेल आत्या. मग विचारा, त्यांना मुलगी आहे ना? एवढंच विचारा आणि हलू नका, उभे राहा. आणि निघताना निळे डगले बघून घ्या. त्यांच्यावर चिकटून राहिलेल्या एकोणचाळीस मिशा अजून कल्याणला परत आलेल्या नाहीत. तेवढ्या मागून आणा.